बरणीचं झाकण

“झाकण उघडणार नाही,” प्रयोगशाळेतला म्हातारा तंत्रज्ञ म्हणाला आणि स्टूल ओढून इनक्युबेटरच्या दाराला पाठ लावून बसला.

समोर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे एक शिंपी. दुकानातून तसाच आला होता, गळ्यातली टेप काढायचंही राहून गेलं होतं. त्याच्या बायकोच्या पोटात पू झाला होता. दोन औषधं देऊन झाली, ताप हटत नव्हता. तिसरं औषध जबर होतं, मूत्रपिंडं खराब करू शकणारं. जंतू कोणता हे कळल्याशिवाय ते द्यायला बाईंचा हात धजत नव्हता. पुवातला थेंब दोन बशांवर लावला होता. साध्या हवेत ठेवलेल्या बशीवर काहीच उगवलं नव्हतं. दुसरी बशी इनक्युबेटरच्या उबेत, बरणीत होती आणि त्या बरणीतला सगळा ऑक्सिजन काढून घेतलेला होता.

“काका, सव्वीस तास झालेत. नुसतं डोकावून बघू. मग परत बंद करा.”

“ह्या जंतूंना आपली हवा म्हणजे विष. अजून कोवळे असतील. हवा लागली की मरतील आणि तुम्ही रिपोर्टावर लिहाल, काही उगवलं नाही. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. उद्या साडेअकराला या.”

“उगाच नाही सगळे तुम्हाला कुलूप म्हणत.”

“म्हणू देत. कुलूप काही वाईट वस्तू नाही.”

शिंपी पुढे आला. टेप बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता.

“भाऊ, उद्यापर्यंत ती टिकली नाही तर? तुमचं माणूस असतं, तर बसला असतात का हो असे?”

म्हातारा स्टुलावरून हलला नाही. संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे. मला घरी घाई नाही.”

सकाळी झाडायला आलेल्या मावशींना तो तिथेच दिसला.

“अहो, बरणी काय पळून जाणार होती?”

“बरणी नाही पळत, मावशी. माणसाला धीर निघत नाही.”

साडेअकराला त्याने बरणी टेबलावर आणली. आतली कागदाची पट्टी पांढरी होती. ऑक्सिजन नसला की ती पांढरी राहते. त्याने पेच सैल केला, झाकण उचललं. घाण वास आला. बशीवर टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके उठले होते, भरपूर. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, जंतूची जात ओळखली आणि उभ्या उभ्याच वॉर्डात फोन लावला. “तिसरं औषध सुरू करा. आत्ता.”

शिंप्याने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“काल मी नको ते बोललो, भाऊ. तुमची छाती मोठी. माझ्याच्यानं नसतं झालं.”

टेबलावरची पट्टी हवा लागून हळूहळू निळी होत होती. म्हातारा तिच्याकडे बघत होता.

“माझ्याच्यानं तरी कुठं झालं,” तो म्हणाला. “माझ्या बायकोची बरणी मी सव्वीस तासांनी उघडली होती.”