निळा झेंडू

बंद पडलेल्या रंग कारखान्याच्या जागेवर सरकारी निधीतून सातव्या वर्षीही झेंडू लावला होता. हा झेंडू मातीतलं विष शोषून घ्यायचा; विष असेल तिथे निळा फुलायचा, नसेल तिथे पिवळा. गेल्या वर्षीपर्यंत भिंतीकडचा एकच कोपरा निळा उरला होता, त्यामुळे तिथल्या नव्या शाळेचं बांधकाम अडलं होतं.

"पाटणकरकाका, यंदा इथेही पिवळा!" माती तपासणारी मृदुला ओरडली.

म्हातारे रखवालदार पाटणकर त्या फुलांपाशी आले. "पोरी, कारखान्यात असताना ती विषाची पिंपं मीच पुरली होती इथे. साहेबांचा हुकूम होता."

"माहीत आहे, काका. तुम्ही शेळ्या फक्त याच कोपऱ्यातून हाकलायचात. म्हणून तर पहिलं रोप मी इथे लावलं."

पाटणकरांनी हातातली शेळ्या हाकलायची काठी भिंतीपलीकडे भिरकावून दिली.