हेल्मेटवरचं कुंकू

दर खंडेनवमीला आई संग्रामचं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट पूजेत ठेवून कुंकवाचं बोट लावायची. कॉलेजात खेळताना एकदा रेफरीनं ते रक्त समजून, रक्त दिसलेला खेळाडू मैदानाबाहेर या नियमाप्रमाणे संग्रामला बाहेर काढलं. शरमेनं कुंकू पुसणाऱ्या पोराला म्हातारे कोच हसून म्हणाले, “पुढच्या वेळी आतून लावायला सांग आईला. तिथं रेफरी बघत नाही.” आपणही असाच कोच व्हायचं, हे संग्रामनं तिथंच ठरवलं. आज तो त्याच कॉलेजचा हेड कोच होता आणि मॅच नेमकी खंडेनवमीला आली. टेक्सासमधल्या शुगर लँडहून आलेल्या आईसमोर टीम हेल्मेटं उलटी धरून रांगेत उभी राहिली. शेवटी तिनं विचारलं, “तुझं कुठंय रे?” त्यानं टोपी काढून कपाळ पुढं केलं. मैदानात रेफरी दचकला, “कोच, यू आर ब्लीडिंग!” संग्राम हसला. नियम खेळाडूंसाठी होता. या वेळी त्यानं पुसलं नाही.