मोतीबिंदूच्या गोळ्या

"ऑपरेशनची तारीख तर मी तुम्हाला दीड वर्षापूर्वीच दिली होती," डोळ्यांच्या डॉक्टरबाई फाईल चाळत म्हणाल्या. "तुमच्या भावाने फोन करून रद्द केली. तुमच्या मनाची तयारी नाही म्हणाले."

साऱ्या बाजाराला 'घड्याळवाली ताई' म्हणून ठाऊक असलेली ती खुर्चीत पुढे सरकली. आज स्वतःच्याच दुकानाची पायरी चुकली, म्हणून शेजारणीला घेऊन ती भावाला न सांगता इथे आली होती.

"पण व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी मोतीबिंदू विरघळतो, असं तुम्हीच त्याला सांगितलंत ना?"

"मी? अहो, व्हिटॅमिन सी तब्येतीला हवंच. पण एकदा आलेला मोतीबिंदू गोळ्यांनी जात नाही. तुमचा तर आता चांगलाच पिकलाय. अजून काढता येईल. उशीर मात्र नको."

दीड वर्षापूर्वी डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं होतं. डॉक्टरांशी बोलायला आत भाऊच गेला होता. तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्या तळहातावर गोळी ठेवायचा, पाण्याचा पेला पुढे करायचा. "फरक पडायला वेळ लागतो, ताई," म्हणायचा. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं ती शेजारणीला कितीदा तरी सांगून चुकली होती.

वडिलांच्या मागे घड्याळदुरुस्तीचं दुकान दोघांनी मिळून चालवलं. एका टेबलाशी ती, दुसऱ्याशी तो. दिसेनासं झालं तसे तिचे चिमटे आणि भिंग त्याच्या टेबलावर गेले. तिच्याकडे उरलं ते पट्टे बदलून देणं.

शेजारणीने तिला दुकानाच्या दारात सोडलं. भाऊ एक घड्याळ उघडून बसला होता.

"तारीख का रद्द केलीस?"

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. आधी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, मग मिटलं.

"चाळीस वर्षं, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "दारातून येणारा प्रत्येक जण विचारायचा, 'ताई आहेत का?' मी समोर बसलेला असायचो. तू नसलीस की म्हणायचे, नंतर येतो. का? माझ्या हातचं एक तरी घड्याळ कधी परत आलं होतं?"

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"हल्ली येतात," ती म्हणाली. "ऐकू येतं मला."

"हल्ली पार्टच भिकार मिळतात."

जे त्याला जन्मात सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते ती आता सांगून मोकळी झाली.

"पार्ट तेच आहेत. पूर्वी तू दुपारी जेवायला गेलास, की तुझी घड्याळं मी पुन्हा उघडायचे."