दोन मिनिटं शांतता

ज्या दिवशी गृहपाठ झालेला नसतो, नेमक्या त्याच दिवशी मुलांच्या आज्या वारतात, हे शिकवणाऱ्या माणसाला पहिल्याच वर्षी कळतं. म्हणून चौथीतली चिमणी रडवेलं तोंड करून "बाई, आजी गेली" म्हणाली, तेव्हा बाईंनी गंमत म्हणून अख्ख्या वर्गाला दोन मिनिटं शांत उभं केलं. तेवढ्यात नातीची घरी राहिलेली पाण्याची बाटली घेऊन खुद्द आजीच दारात हजर.

"बसा रे बाळांनो," ती लाजून म्हणाली, "माझ्यासाठी कशाला उभं राहायचं!"

वर्ग आठवडाभर हसत होता. बाईंनी चिमणीला तंबी दिली, "यापुढे तुझी आजी मेलेली चालायची नाही."

सहामाही परीक्षेनंतर एका सकाळी चिमणी पुन्हा टेबलापाशी आली.

"बाई, आजी गेली."

वर्ग खिदळला. बाईंनाही हसू आवरेना. "म्हणजे आजही गृहपाठ नाही ना?"

"झालाय बाई."

बाईंचं हसू ओठांवरच विरलं. त्या म्हणाल्या, "मग घरी जा, बाळ."

"जाते. पण आधी सगळ्यांना उभं करा ना, बाई. मागच्या वेळी केलंत, तेव्हा आली होती."