फंड की पेन्शन?

इगतपुरीजवळचे रूळ राखणाऱ्या मल्हारीच्या निवृत्तीला सहा महिने उरले, तेव्हा रेल्वेचा कागद आला. एकरकमी फंड हवा की दरमहा पेन्शन, ते लिहून द्यायचं होतं. फंडातून घर पक्कं झालं असतं. पण पैसा संपल्यावर काय? सोबतचे निम्मे फंड म्हणत, निम्मे पेन्शन. डोकं चक्रावलेला मल्हारी मुदतीच्या शेवटच्या दिवशी बायकोला, चांगुणाला, घेऊन कारकुनापुढे बसला. “साहेब, मी लवकर गेलो तर पेन्शन बुडली ना?” “नाही. थोडी कमी, पण बाईंना मिळत राहील.” “अन् हीच आधी गेली तर?” “मी आधी नाय जायची,” चांगुणा म्हणाली, “तुमाला साधा चहा जमत नाय. लावा अंगठा पेन्शनवर.” ती धीर देत होती की त्याचंच मरण आधी ठरवत होती, त्याला उमगेना. त्याने अंगठा शाईत बुडवला.