तेलुगूत विचारलेलं

"आन् ही हिस्ट्री पुसली की झालं? कुणालाच न्हाय दिसत?"

नागम्मानं शिलाई मशीन थांबवून विचारलं. सुईखाली टॉवेलचा काठ अर्धाच शिवून राहिला होता. समोर भिंतीला टेकून बसलेली तिची सून, सोनम, शेंगा फोडत होती. तिला सातवा महिना होता. एरवी ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची; सध्या घरी होती.

नागम्मानं विचारण्याला कारण होतं. सकाळी ती फोनवर रांगोळीचे नमुने बघत होती. दोन नमुन्यांच्या मध्येच एका दवाखान्याची जाहिरात आली. स्तनातली गाठ अंगावर काढू नका, असं तीत लिहिलं होतं. तिनं चटकन फोन पालथा घातला.

गाठ तिच्या हाताला लागली होती दिवाळीनंतर, अंघोळ करताना. दुखत नव्हती. कपडे वाळत घालायचं निमित्त करून ती गच्चीवर गेली आणि तिनं फोनलाच विचारलं. विचारलं तेही आपल्या मायबोलीत, तेलुगूत. सून कुर्डुवाडीची. सासूला हाक मारायचा 'अत्तम्मा' हा शब्द सोडला, तर तिला तेलुगूचा गंध नव्हता. लवकर दाखवा, असं फोननं सांगितलं. बाळंतपण पार पडलं की दाखवू, असं नागम्मानं ठरवलं. गर्भारणीच्या कानावर आजाराचं नाव पडू द्यायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. त्यात सोनमचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं.

"पुसल्यावर तुमच्या फोनवर नाही दिसत," सोनम म्हणाली.

"मग रांगोळीत जाहिराती कशा घुसतात? नको त्या?"

"ती कुकी. आपला सूतवाला नाही का, तुम्ही दारात दिसलात की न विचारता मागच्याच रंगाचं रीळ पुढं करतो? तसंच. आपण एखाद्या वेबसाइटवर गेलो की ती आपल्या फोनमध्ये एक खूण ठेवते. पुढं ती खूण बघून माल पुढं करतात."

"चोंबडीच की मग ही कुकी."

सोनम हसली. "हो, चोंबडीच. हिस्ट्रीसोबत तिलाही पुसता येतं. आणि पुसायची कटकट नको असेल तर खासगी खिडकी उघडायची. ती बंद केली की आत काय बघितलं ते फोन लक्षात ठेवत नाही. वेबसाइटला आणि फोन कंपनीला मात्र कळायचं ते कळतंच."

"म्हंजे घरातल्यांपुरतंच झाकण."

"घरातल्यांपुरतंच."

"तेवढंच पायजे मला," नागम्मा बोलून गेली.

कशाला पाहिजे, असं सोनमनं विचारलं नाही. तिनं फोन हातातही घेतला नाही. कुठं दाबायचं ते लांबूनच सांगत राहिली. नागम्मानं स्वतःच्या बोटानं सगळं पुसलं. दुसरी एखादी असती तर आधी फोन ओढून घेऊन आत काय आहे ते बघितलं असतं. नागम्माला एकदम भरून आलं. अशी सून पदरात पडली म्हणून तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि सोनमची दृष्ट काढली. मग तिनं पुन्हा मशीनच्या चाकाला हात घातला.

"अत्तम्मा, एक सांगायचं राहिलं," सोनम म्हणाली. "हा फोन घेतला तेव्हा तुमचं खातं नव्हतं. मी माझंच घातलं होतं. दोन फोनवर एकच खातं असलं की इथं बघितलेलं तिथंही दिसतं. आत्ता तुम्ही पुसलंत, ते माझ्याकडचंही गेलं. पण त्याआधी दिसत होतं."

चाकावरचा हात तसाच राहिला.

"दिसलं म्हणून काय झालं? तुला कुटं वाचता येतंय. तेलुगूत हुतं की ते."

"मला नाही येत. पण पान उघडलं आणि फोननंच विचारलं, मराठीत वाचायचं का?"

शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते. नागम्मानं पदर तोंडाला लावला.

"तुला कळाय नको हुतं गं. ह्या दिवसांत तर न्हायच."

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते. पण तुम्ही तर पुसायलाच निघालात."

सोनम हात टेकून सावकाश उठली. सोललेले दाणे तिनं सासूच्या ओंजळीत ओतले आणि ओंजळ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"मी कशाचंच नाव काढत नाही, अत्तम्मा. दर वेळी माझ्या तपासणीला तुम्ही पिशवी घेऊन बाहेर बसता. उद्या पिशवी मी धरते. डॉक्टरीणबाईंकडं दोन नंबर लावलेत, आणि पहिला तुमचा आहे."