चौकटीवरचं कुंभारणीचं घर

"फोड," कमलबाई म्हणाली. "तू हायस म्हनून. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला नसता."

देवघराच्या चौकटीवरून तिनेच ते खुरप्याच्या टोकाने सोडवून आणलं होतं. डावा डोळा मिटून, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून. सुईत दोरा ओवतानाही तिची जीभ तशीच बाहेर येते. आता ते मातीचं चिमुकलं मडकं वर्तमानपत्रावर होतं. कुंभारीण माशीचं घर. झरी गावातल्या या घरात अशी घरं कोणी पाडत नसे. दिवाळीच्या रंगाचा ब्रशसुद्धा त्यांना वळसा घालून जाई, आणि रंगारी कुरकुरला तर त्याचा चहा बंद होई.

मंजुषाने चिमटा उचलला आणि परत ठेवला.

तिला कुंभारीण नको होती. कुंभारणीच्या घरात चोरून अंडं घालणारी, हिरव्या बांगडीच्या काचेसारखी चमकणारी एक इवलीशी परजीवी माशी हवी होती. तशी एक तिला याच ओसरीत मागे सापडली होती. तिच्या पोटाच्या कडेला जे बारीक दात होते, ते कुठल्याच संग्रहातल्या माशीशी जुळेनात. ही नवीन जात आहे, हे मंजुषाला मनातून पटलं होतं. पण वर्णन लिहायला घेतलं की तिचे मार्गदर्शक सर म्हणत, एका माशीवर जात ठरत नाही, एखादीत जन्मतःच व्यंग असतं, दुसरी आण. मग मागच्या महिन्यात कमलबाईचाच फोन आला, "तुजी हिरवी आली व्हती गं. चौकटीवरच्या घरात शिरून गेली."

म्हणजे दुसरी माशी आत असणार, हे जवळपास नक्की होतं. अडचण वेगळीच होती. ती समोर पाटावर, चष्मा पुसून, पोखर्णीच्या देवळात कीर्तन ऐकायला बसावं तशी बसली होती.

"कामून थांबायलीस? मला बगायचंय. अर्दी आळी, अर्दी कुंभारीण. लहानपनी काय सांगायची मी, आटवतंय न्हवं?"

मंजुषाने ते विसरणं शक्यच नव्हतं. कमलबाईची धाकटी जाऊ वारली, दिराने दुसरं लग्न केलं, आणि त्यांची बोबडं बोलणारी पोर मंजुषा कमलबाईच्या पदरात आली. पोर झोपताना आईसाठी रडायची. तेव्हा कमलबाई तिला हे मडकं दाखवी आणि कीर्तनात ऐकलेलं सांगे. कुंभारीण परक्याची आळी उचलून आणते, आपल्या घरात ठेवते आणि दारातून गुणगुणत राहते. ऐकून ऐकून आळी तिच्यासारखीच होते. "तशी तू माजी आळी हायस," म्हणत ती पोरीच्या कानाशी गुणगुणायची, कानाला गुदगुल्या होईपर्यंत. पोर हसता हसता झोपी जायची.

पुढे तीच पोर कीटकशास्त्र शिकली. कुंभारीण आळी आणते ती पिल्लाला खाऊ घालायला, हे तिला तिथे कळलं. घरी येऊन ते सांगायचा धीर मात्र तिला आजवर झाला नव्हता.

"माय, जरा चहा टाक ना."

"टाकते की. आदी फोड."

मंजुषाने मडक्याची कड दाबली. कपची निघाली. आत आळ्यांची वाळकी सालं होती, आणि त्यांच्यामध्ये एका पातळ कोषात काहीतरी हिरवं हललं. तिने कोष सोडवला. माशीने घाबरून अंगाची गोळी केली, आणि पोटाची कड आपसूकच वर आली. मंजुषाने ती काचेच्या नळीत घेऊन भिंगाखाली धरली. तेच दात. अगदी तसेच.

"माय, तीच हाय गं!" मंजुषा ओरडली.

कमलबाईलाही आनंद झाला. मग ती मडक्यावर वाकली. "आन् कुंभारीण?"

"तिचं पिल्लू हिनं खाल्लं."

"मंग आळी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण जिने आजवर मडक्याला कुणाला हात लावू दिला नाही आणि आज स्वतः ते आणून दिलं, तिच्याशी मंजुषाला खोटं बोलवेना.

"कुंभारीण आळी खायलाच आणती, माय. पिल्लासाठी. आळीची कुंभारीण होत न्हाई. कदीच न्हाई."

"आन् ती गुणगुणती ते?"

"पंखांचा आवाज असतो."

कमलबाईने एक वाळकं साल बोटावर घेतलं आणि परत ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता. मंजुषाला वाटलं, कशाला फोडलं आपण हे? राहिली असती जात वर्णनावाचून. काही सुचेना म्हणून तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि दात मोजू लागली.

एका बाजूचे मोजून तिने नळी फिरवली.

"जीभ आत घे," कमलबाई म्हणाली.

मंजुषाने वर पाहिलं. तिचा स्वतःचा डावा डोळा अजून मिटलेलाच होता. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात होतं.

कमलबाई तिच्याकडे बघत हसत होती.

"कुंभारणीला नसंल जमत," गुडघ्यावर हात ठेवून ती चहा टाकायला उठली. "मला जमलंय."